बांधून दिली की बांधून घेतली? किंग्जली प्लँटेशनवरच्या ३२ घरांचं प्रकरण

मागच्या हिवाळ्यात नवऱ्याचे काका-काकू पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला आले होते. काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, त्यामुळे कुठेही न्या, आधी भिंतीला हात लावणार, मग टिचकी मारणार, मग अनोळखी कॉन्ट्रॅक्टरला दोन शिव्या हासडणार. ऑरलँडो वगैरे करून झालं होतं, आणि एक दिवस रिकामा होता म्हणून घरापासून जवळच असलेल्या फोर्ट जॉर्ज आयलंडवर किंग्जली प्लँटेशन, म्हणजे गुलामांकडून पिकवून घेतला जाणारा एक जुना मोठा मळा, बघायला गेलो. तिथे गुलामांच्या घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत. काकांनी गाडीतून उतरल्या उतरल्या पहिली भिंत निरखली, हात फिरवायला निघाले तर 'भिंतींना हात लावू नका' अशी पाटी, म्हणून वाकून नाक जवळ नेलं आणि म्हणाले, "अगं, हे तर पक्कं काम आहे! गुलामांना असली घरं बांधून दिली होती? मग मालक बराच म्हणायचा की."

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पण ते 'बांधून दिली' डोक्यात बसलं, आणि नंतर लक्षात आलं की काकाच नाही, या जागेबद्दल बोलणारे निम्मे लोक याच ठिकाणी घसरतात. म्हणून हे सगळं प्रकरण नीट उलगडून लिहितेय, जरा लांबेल.

आधी जागा कशी आहे ते सांगते. जॅक्सनव्हिल शहराच्या ईशान्येला सेंट जॉन्स नदी समुद्राला मिळते तिथे हे बेट आहे, आणि भोवताली सगळं खाजण. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, भरती आली की पाणी, ओहोटी लागली की चिखल आणि त्यात तुरुतुरु पळणारे खेकडे. शेवटचा रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना झाडी, फांद्यांवरून ते करडं स्पॅनिश मॉस लोंबतंय, आणि मग अचानक झाडी संपते आणि मोकळ्यावर ही घरं दिसतात. ओळीत नाहीत, चक्क अर्धवर्तुळात. रस्ता त्या कमानीच्या मधोमध जातो, एका अंगाला १६ आणि दुसऱ्या अंगाला १६ अशी मूळची ३२ घरं. त्यातल्या पंचविसेक घरांचे अवशेष आज दिसतात, कुठे खांद्याएवढी भिंत, कुठे नुसता चुलाणा, कुठे गुडघ्याएवढी रेघ. एक घर छपरासकट पुन्हा उभं केलंय, म्हणजे आतून अंदाज येतो. तिथून पुढे साधारण हजार फुटांवर मालकाचं मोठं घर, नदीकडे तोंड करून.

गंमत म्हणजे आज गाडीने येणाऱ्याला आधी गुलामांची घरं लागतात आणि शेवटी मालकाचं. त्या काळी येणंजाणं होड्यांनी, पाण्याकडून, म्हणजे पाहुण्याला आधी दिवाणखाना दिसायचा आणि ही कमान पार मागे.

आता मालक. झेफानाया किंग्जली, जन्म १७६५, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा, वाढला साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनला. धंदा जहाजांचा आणि माणसांचा, म्हणजे आफ्रिकेतून माणसं आणून विकायचा. १८०३ मध्ये तो स्पॅनिश फ्लोरिडाचा नागरिक झाला, कारण तिथे जमीन मिळत होती. त्यात अमेरिकेने १८०८ मध्ये बाहेरून गुलाम आणायला बंदी घातली पण फ्लोरिडा तेव्हा स्पेनचा, तिथे ती बंदी लागू नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे जमिनीखालून जे निघालं त्याला हेच कारण आहे. त्याची आधीची इस्टेट लॉरेल ग्रोव्ह नावाची, सेंट जॉन्स नदीवरच आत वरच्या अंगाला, ती १८१२-१३ च्या धामधुमीत उद्ध्वस्त झाली, सेमिनोल या तिथल्या आदिवासी लोकांच्या एका हल्ल्यात ४१ गुलाम तिथून नेले गेले, आणि मग १८१४ ला तो या बेटावर आला. मोठं घर आधीच्या मालकाने १७९८ च्या सुमारास बांधलेलं तयार होतं. मधे मोठी खोली, चार कोपऱ्यांना चार खोल्या, वर गच्ची. फ्लोरिडात उभं असलेलं प्लँटेशनवरचं सगळ्यात जुनं घर हेच.

आणि ॲना. हिच्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही. मूळ नाव आंटा माजिगीन न्जाय, सेनेगलमधल्या वोलोफ लोकांतली. १८०६ मध्ये किंग्जलीने तिला हवानाच्या बाजारात विकत घेतलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तेरा. पुढे तीच त्याची बायको म्हणून राहिली, १८११ मध्ये त्याने तिला आणि तिच्या तीन मुलांना कागदोपत्री मुक्त केलं. मग तिची स्वतःची जमीन झाली आणि त्यावर राबायला तिचे स्वतःचे गुलामही. हो, बरोबर वाचलंत. बेटावर ती मोठ्या घरात नाही तर शेजारच्या स्वयंपाकघराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, दोन्ही इमारतींमधे छप्पर असलेली वाट आहे. काकूंना ही गोष्ट सांगितली तर त्या बराच वेळ त्या जिन्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि खिडकीतून ती घरं दिसत असणार तिला."

बेटावर राबणारी माणसं ६० ते ८०. पीक मुख्यतः सी आयलंड कापूस, लांब आणि रेशमासारख्या धाग्याचा, त्याला इंग्लंडच्या गिरण्यांत जबरदस्त भाव. शिवाय नीळ, ऊस, खायला मका, रताळी वगैरे. कामाची पद्धत टास्कची. आपल्याकडे उक्तं काम म्हणतात ना, तसंच, फक्त मजुरी शून्य. या किनारपट्टीवर कापूस खुरपायचा तर एका माणसाला दिवसाला साधारण पाव एकर नेमून द्यायचे, ते झालं की उरलेला वेळ तुझा. ऐकायला बरं वाटतं, पण त्या 'तुझ्या' वेळात स्वतःचा भाजीपाला पिकवायचा, मासे धरायचे, शिकार करायची, कपडे शिवायचे, कारण मालकाकडून मिळणारा शिधा पुरा पडायचा नाही. मुकादम म्हणजे ड्रायव्हर, तोही गुलामच. कमानीत रस्त्यालगतची घरं जरा मोठी आहेत, ती मुकादमांची असावीत असं मानतात.

आता काकांच्या मुद्द्याकडे, म्हणजे पक्क्या भिंतीकडे. हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून इथे जरा रेंगाळते.

या भिंती टॅबीच्या आहेत. टॅबी म्हणजे गरिबाचं काँक्रीट म्हणा हवं तर. कालवांचे शिंपले लाकडांच्या थरांवर रचून भट्टी लावायची, शिंपले भाजून त्यांची कळी होते, त्यावर पाणी मारलं की चुना फुलतो. आपल्या किनाऱ्यावरही शिंपल्यांचा चुना असाच करायचे, त्यामुळे काकांना इथपर्यंत नवं काही नव्हतं. पुढचं नवं होतं. तो चुना, तेवढीच वाळू, तेवढेच अख्खे शिंपले आणि पाणी, हे सगळं कालवून फळ्यांच्या साच्यात ओतायचं आणि धुमसत बसायचं म्हणजे मधे पोकळी राहत नाही. एक थर वाळला की फळ्या सोडवायच्या, वर चढवायच्या, पुन्हा ओतायचं. साधारण फूटभराचा एकेक थर. म्हणून या भिंतींवर आडव्या रेषा दिसतात, काकांनी त्या बोटाने हवेतच मोजल्या. साच्याच्या दोन बाजू धरून ठेवायला मधून लाकडी खिळी घालायचे, ती काढली की भोकं राहतात, टॅबीच्या कामाची ती खूण. "म्हणजे शटरिंगच की," काका. हो, शटरिंगच, फक्त दोनशे वर्षांपूर्वीचं.

शिंपले कुठून आले? हे कळलं तेव्हा मला जरा गरगरलं. किंग्जलीच्या आधी, स्पॅनिशांच्याही आधी या बेटावर तिमुकुआ लोक राहायचे, शेकडो वर्षं कालवं खाऊन त्यांनी टाकलेल्या शिंपल्यांचे ढीगच्या ढीग तिथे होते. टॅबीला हे जुने शिंपलेच चांगले, कारण पावसाने त्यांतलं मीठ धुऊन गेलेलं असतं, ताजे वापरले तर मिठामुळे भिंत ओल धरते. तिमुकुआ तोवर रोगराई, स्पॅनिशांची धर्मप्रसाराची मिशनं आणि युद्धं यांत संपल्यात जमा होते. म्हणजे एका नाहीशा झालेल्या समाजाच्या उष्ट्यावर दुसऱ्या पळवून आणलेल्या समाजाची घरं उभी राहिली. भिंतीत तो प्रत्येक शिंपला अख्खा दिसतो, कोणीतरी कधीतरी उघडून खाल्लेला.

आता हिशोब करा. लाकूड तोडणं, शिंपले वाहणं, भट्टी लावून दिवसरात्र सांभाळणं, चुना विझवणं (हातापायाची सालं निघतात, गावाकडे ज्यांनी कळीचा चुना हाताळलाय त्यांना विचारा), पाणी ओढणं, ओतणं, धुमसणं, आणि असं एकदा नाही, ३२ घरं. शिवाय मोठं टॅबीचं कोठार, तेही अजून उभंय. हे सगळं कोणी केलं? ज्यांना तिथे राहायचं होतं त्यांनीच. साहित्य फुकट, मजुरी फुकट, फक्त वेळ लागतो, आणि वेळ मालकाच्या मालकीचा. लाकडी खोपटं दहा-वीस वर्षांत वाळवी आणि पावसाने जातात, टॅबीला डागडुजी कमी. तेव्हा पक्कं घर हा जिव्हाळा असेलही, पण आधी ती सरळ सरळ बचत आहे. गुलाम ही मालकाच्या वहीत मालमत्ता, आणि मालमत्ता कोरड्या जागी ठेवतात.

म्हणून म्हणते, मराठीत हे फार सोपं आहे. घर बांधलं, बांधून दिलं, बांधून घेतलं. किंग्जलीने घरं बांधून दिली नाहीत, बांधून घेतली.

आतून घर म्हणाल तर दोन खोल्या, एकीत चूल, दुसरी निजायची. त्यात एक कुटुंब, कधी जास्तच. छपरं लाकडाची, ती कधीच गेली. पुन्हा उभारलेल्या घरात आम्ही चौघं उभे राहिलो तर एकमेकांना कोपर लागत होतं, आणि काकू म्हणाल्या की आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात सुरुवातीला एवढ्याच जागेत सहा जण होतो. खरं असेल. पण काकू भाडं भरत होत्या आणि सोडून जाऊ शकत होत्या, आणि हा फरक भिंतीत दिसत नाही.

अर्धवर्तुळ का? यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. बहुतेक प्लँटेशनवर गुलामांची घरं रस्त्याच्या कडेने सरळ रांगेत असायची. एक मत असं की हा आकार पश्चिम आफ्रिकेतल्या गावांसारखा आहे आणि त्यामागे ॲनाचा किंवा तिथल्या लोकांचाच हात असावा. दुसरं मत असं की मालकाच्या घरावरून, गच्चीवरून, सगळी दारं एका नजरेत यावीत म्हणून. मला विचाराल तर दोन्ही एकदम खरं असू शकतं, राहणाऱ्यांना गाव वाटावं आणि बघणाऱ्याला पहारा करता यावा. पण टूरवाल्यांना पहिलं मत फार लाडकं असतं कारण ते ऐकायला छान वाटतं. मी स्वतः त्या कमानीच्या मधे उभी राहून मोठ्या घराकडे पाहिलं, आज मधे झाडं आहेत, त्यामुळे डोळ्यांनी निकाल लागत नाही.

'मालक बरा' या समजुतीला खतपाणी खुद्द किंग्जलीनेच घातलंय. १८२१ मध्ये फ्लोरिडा अमेरिकेकडे गेला आणि मुक्त काळ्या माणसांवर कडक कायदे यायला लागले, म्हणजे त्याच्या स्वतःच्या बायकामुलांवरच गदा. तेव्हा १८२८ मध्ये त्याने एक पुस्तिका छापली, त्यातला युक्तिवाद असा की मुक्त काळ्यांना हक्क द्या, पण गुलामगिरी मात्र चालू ठेवा, नीट वागवलं तर ती सगळ्यांच्या फायद्याची आहे. आपण आपल्या लोकांच्या घरगुती भानगडीत पडत नाही, त्यांना नाचगाणं, नटणंथटणं करू देतो अशीही फुशारकी त्यात आहे. पुढे १८३७ च्या सुमारास तो कुटुंब घेऊन हैतीला जायच्या मागे लागला, त्या कुटुंबाची तिथली जमीन आज डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये येते. १८३९ मध्ये हे बेट भाच्याला विकलं. १८४३ मध्ये न्यूयॉर्कला वारला. मृत्युपत्रात लिहून ठेवलं की गुलामांची कुटुंबं तोडू नका आणि ज्याला हवं त्याला निम्म्या किमतीत स्वतःला विकत घेऊ द्या.

निम्म्या किमतीत स्वतःला. सेल लागल्यासारखं.

म्हणजे माणसं कशी राहत होती याचा जो कागद आहे तो मालकाचा. आत राहणाऱ्यांनी लिहिलेलं एक अक्षर नाही. मग त्यांची बाजू आणायची कुठून? इथे या प्रकरणाला वळण मिळतं, आणि ते जमिनीखालून.

१९५५ मध्ये ही जागा फ्लोरिडा राज्याकडे आली. त्याआधी मधल्या काळात इथे श्रीमंतांचे क्लब वगैरे होऊन गेले. १९६८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे चार्ल्स फेअरबँक्स यांनी यातल्या घरांत खणायला घेतलं. आज यात विशेष वाटत नाही, पण तोवर प्लँटेशनवर खणायचं ते मालकाच्या घराचा पाया, बाग, काचसामान शोधायला, गुलामांच्या घरात काय ठेवलंय असा भाव होता. म्हणून प्लँटेशनवरच्या गुलामांच्या पुरातत्त्वाची सुरुवात या खणाईपासून धरतात. फेअरबँक्सना आफ्रिकेच्या खुणा शोधायच्या होत्या आणि त्या त्यांना धड सापडल्या नाहीत. सापडलं ते म्हणजे इंग्लिश बनावटीच्या थाळ्यांचे तुकडे, काचेचे मणी, ढिगाने हाडं, आणि शिशाच्या गोळ्या. हाडांत डुक्कर-गाय आहेच, पण मासे, कासवं, रानातले छोटे प्राणीही पुष्कळ. म्हणजे शिध्यावर भागत नव्हतं हे चुलीतूनच सिद्ध. आणि गोळ्या म्हणजे गुलामांच्या घरात बंदुका! कायद्याच्या पुस्तकात वाचून हे कधीच कळलं नसतं. काका इथे थांबले, म्हणाले, "बंदूक होती तर मग मालकावर का नाही चालवली?" मी म्हटलं, काका, बेट आहे, पलीकडे सगळा प्रदेश गोऱ्यांचा, आणि बायकापोरं त्या घरात. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं वाटलं नाही.

पुढे १९९१ मध्ये ही जागा नॅशनल पार्क सर्व्हिसकडे गेली, तिमुकुआन नावाच्या राखीव क्षेत्राचा भाग म्हणून. २००६ पासून त्याच विद्यापीठाचे जेम्स डेव्हिडसन दर उन्हाळ्यात विद्यार्थी घेऊन पुन्हा खणायला लागले, आणि फेअरबँक्सना जे हुकलं होतं ते यांना सापडलं. एका घराच्या जमिनीत अख्खी कोंबडी निघाली. उष्टी हाडं नव्हेत, पूर्ण सांगाडा, जागच्या जागी, अंड्यासकट, मुद्दाम पुरलेली. दुसरीकडे घरांच्या जमिनीत लोखंडी वस्तू, निळे मणी, असं ठेवलेलं की ते पडून राहिलेलं वाटत नाही.

रेंजरकडून मी हे ऐकून आले आणि काकूंना सांगितलं तर त्यांनी क्षणभरही आश्चर्य दाखवलं नाही. त्या मूळच्या मालवणच्या. "राखण दिली असणार," त्या म्हणाल्या. घर बांधलं की जागेवाल्याला कोंबडा द्यायचा, यात समजावून सांगण्यासारखं काय आहे असा त्यांचा चेहरा. आता पश्चिम आफ्रिकेतला विधी आणि मालवणची राखण एक नाही, उगाच जोडायला जाऊ नये. पण ती कोंबडी काय सांगते ते काकूंना एका सेकंदात कळलं आणि मला मात्र तीन लेख वाचावे लागले. ते घर कोणीतरी आपलं मानलं होतं. दाराच्या आत कोणती शक्ती राहील, कोणती बाहेर राहील, हे मालकाला न विचारता ठरवलं होतं. कायद्याने ते घर किंग्जलीचं, राहणारा माणूसही किंग्जलीचा, पण जमिनीखालची ती हातभर जागा त्याच्या वहीत नव्हती.

आणि हे इथेच का सापडलं याचं कारण तो मघाचा मुद्दा. स्पॅनिश फ्लोरिडात माणसं थेट आफ्रिकेतून येत होती, दोन-तीन पिढ्या अमेरिकेत मुरलेली नव्हती. किंग्जलीच्या आधीच्या इस्टेटीवरच्या नोंदींत पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो, सुसू अशा लोकांबरोबर पार पूर्व किनाऱ्याकडचे, झांझिबारच्या बाजूचेही आहेत. एका कमानीत इतक्या भाषा. ती कोंबडी पुरणाऱ्याने शेजारच्याला काय करतोयस ते कोणत्या भाषेत सांगितलं असेल? पुढच्या काही वर्षांत त्याच आवारात थडगीही सापडली, लाकडी पेट्यांत पुरलेली माणसं, मुलंसुद्धा. तोवर इथलं स्मशान कुठे आहे हेच माहीत नव्हतं.

एक धागा आपल्यापर्यंतही येतो, फ्लोरिडाहून नाही पण मॉरिशसहून. तिथे १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि त्याच्या आदल्या वर्षापासूनच उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर यायला लागले होते, त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही पुष्कळ. त्यांना राहायला इस्टेटीवरचे कँप मिळाले, कितीतरी ठिकाणी तेच जिथे कालपर्यंत गुलाम राहत होते. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांत अजून 'कँप' हा शब्द सहज येतो. म्हणजे असल्या घरांच्या उंबऱ्यातून आपलीही माणसं आत-बाहेर केलेली आहेत, कराराचा अंगठा देऊन आणि वेगळ्या अटींवर, तरी छप्पर तेच.

आताची अडचण वेगळीच आहे. टॅबीची भिंत दोनशे वर्षं टिकली ती छप्पर होतं तोवरच्या पुण्याईवर. छप्पर गेलं की पाणी वरून भिंतीत शिरतं, चुना विरघळतो, शिंपले सुटे होतात. वरून झाडांची मुळं, खालून खारी ओल, आणि शिवाय भिंतीवर पोरांना बसवून फोटो काढणारे पालक. सिमेंटने डागडुजी करावी तर ते आणखी वाईट, सिमेंट कडक, टॅबी मऊ, ओल आत कोंडते आणि शेजारचा मूळ भाग आधी फुटतो. काका इथे एकदम फॉर्मात आले, जुन्या चुन्याच्या पुलांना सिमेंटचा गिलावा मारून वाट लावल्याचे तीन किस्से त्यांनी पार्किंगपर्यंत सांगितले. चुन्याला चुनाच लागतो, हे त्यांचं मत आणि संवर्धनवाल्यांचंही. सगळ्यांवर छपरं घाला म्हणणारेही आहेत, पण मग ते खेळण्यातलं गाव होईल, एक पुन्हा बांधलेलं पुरे, बाकीच्यांना पडकंच दिसू द्यावं असं मला वाटतं.

दक्षिणेतली गुलामांची बहुतेक घरं लाकडाची होती, गेली. मोठी घरं राहिली, त्यांत लग्नं लागतात, हिरवळीवर फोटो काढतात. जोसेफ मॅकगिल नावाचे एक गृहस्थ २०१० पासून उरलीसुरली अशी घरं शोधून त्यांत रात्र काढतात, सोबत लोकांना बोलावतात, त्याला ते स्लेव्ह ड्वेलिंग प्रोजेक्ट म्हणतात. घरात कोणी झोपलं की त्याच्याकडे लक्ष जातं, आणि लक्ष गेलं की डागडुजीला पैसे येतात, इतका साधा हिशोब.

ॲनाचं सांगायचं राहिलं. नवऱ्यामागे ती परत आली, त्याच्या गोऱ्या नातेवाइकांनी मृत्युपत्राला हरकत घेतली होती ती कोर्टात लढली आणि आपला वाटा मिळवला. १८७० मध्ये जॅक्सनव्हिललाच वारली. तिच्या वंशातल्या जॉनेटा कोल या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, पुढे स्पेलमन कॉलेजच्या पहिल्या काळ्या महिला अध्यक्ष. तिच्या वंशाची साखळी अशी नावानिशी लावता येते. कमानीतल्या ३२ घरांतल्या बहुतेकांची येत नाही.

घरी येऊन जेवणं झाली. काकांनी दुपारीच फॅमिली ग्रुपवर भिंतीचे अकरा फोटो टाकले होते, खाली लिहिलेलं, 'फ्लोरिडा. मालकाने गुलामांना बांधून दिलेली पक्की घरं. चुन्याचं काम अप्रतिम.' रात्री चष्मा लावून ते बराच वेळ फोनशी झटापट करत होते, मग मला हाक मारली, "अगं, पाठवलेला मेसेज दुरुस्त कसा करतात?" म्हटलं, आता वेळ गेली काका, नवीन टाका. त्यांनी टाकला. 'वरील मजकुरात बांधून दिलेली ऐवजी बांधून घेतलेली असे वाचावे.' एकदम पीडब्ल्यूडीच्या शुद्धिपत्रकासारखं. त्याखाली नागपूरच्या आत्यांनी गुलाबाच्या फुलासकट गुड नाइट टाकलं.